ओल वाळली, तरी वायरिंग तपासल्याशिवाय रंग देऊ नका: खान्देशातील घरमालकांना खुले पत्र

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत घरे भाड्याने देणारे सर्व घरमालक

विषय: गळतीनंतर भाड्याच्या घरातील वायरिंगची तपासणी करून घेण्याबाबत

सप्रेम नमस्कार.

पावसात छत गळले, वरच्या मजल्यावरची मोरी झिरपली किंवा गच्चीवरची टाकी रात्रभर वाहून भिंतीला ओल आली, की आपल्याकडे कामाचा क्रम ठरलेला असतो. आधी गवंडी किंवा प्लंबर येतो, मग भिंत वाळण्याची वाट पाहिली जाते, मग पुट्टी आणि शेवटी रंग. या क्रमात वायरमन कुठेच नसतो. तो येतो पंखा बंद पडल्यावर किंवा घरातल्या कोणाला झटका बसल्यावर. माझी आपल्याला विनंती एवढीच आहे, की गळती थांबल्यानंतर आणि पुट्टीचा पहिला हात लागण्यापूर्वी त्या छतातल्या व भिंतीतल्या वायरिंगची इन्सुलेशन चाचणी, म्हणजे वायरीतून वीज बाहेर झिरपते का याची मोजणी, परवानाधारक माणसाकडून करून घ्यावी, तिचा निकाल कागदावर घ्यावा आणि त्या कागदाची एक प्रत भाडेकरूच्या हाती द्यावी.

मी औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्री व्यवसायाचा शिल्प निदेशक म्हणून नोकरी केली. बदल्यांच्या निमित्ताने खान्देशातल्या बऱ्याच गावांत भाड्याने राहिलो आणि निवृत्तीनंतरही जळगावात भाड्याच्याच घरात राहतो. घरमालकांशी माझे वैर नाही; बहुतेक ठिकाणी संबंध घरोब्याचे राहिले आहेत, आणि पेन्शनीच्या तुटपुंज्या रकमेला वरच्या दोन खोल्यांच्या भाड्याची जोड देऊन संसार चालवणारी वयस्क माणसेही मी जवळून पाहिली आहेत. तरीही वीजसुरक्षेच्या बाबतीत या घरोब्याचा उपयोग फारसा होत नाही, हे मला नाइलाजाने लिहावे लागते. संकोचामुळे भाडेकरू ओलीची तक्रार उशिरा करतो आणि सवयीमुळे मालक ती हलक्यावर घेतो.

आपल्या भागात घरात पाणी शिरण्याचा मोसम एकटा पावसाळा नसतो. एप्रिल-मे महिन्यांत पारा पंचेचाळीसच्या आसपास गेला, की गच्चीचा स्लॅब दिवसा तापून प्रसरण पावतो, रात्री निवून आकुंचन पावतो, आणि त्या ओढाताणीत वॉटरप्रूफिंगच्या थराला केसासारख्या भेगा पडतात. जूनचा पहिला जोराचा पाऊस त्याच भेगांतून खाली उतरतो. तापीच्या खोऱ्यातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते, त्यामुळे पाया उथळ असलेल्या घरांच्या भिंतींना तडे जातात आणि तिथूनही ओल चढते. त्यात नळ रोज येत नाहीत. ज्या दिवशी येतात त्या दिवशी मोटर लावून टाक्या काठोकाठ भरण्याची घाई असते, आणि मोटर बंद करायची राहिली की टाकी गच्चीवर वाहते. मार्चपासून कूलर लागतात. लोखंडी स्टँडवर, खिडकीला चिकटून ठेवलेल्या कूलरचे पाणी चौकटीतून भिंतीत मुरते, आणि पुष्कळ घरांत त्याच खिडकीच्या बाजूला, हाताशी असावा म्हणून, कूलरचा बोर्ड बसवलेला असतो. जुन्या गावठाणातल्या धाब्याच्या घरांची गोष्ट आणखी निराळी. तिथे मातीच्या छताखाली सागवानी सऱ्यांवरून लाकडी पट्टीतली वायरिंग अजूनही चालू असलेली दिसते, आणि तिच्या बाबतीत चाचणीचा विचार न करता ती बदलूनच टाकावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता पाणी भिंतीत काय करते ते पाहू, कारण सगळी गफलत इथेच होते. स्लॅब भरताना त्याच्या पोटातून पीव्हीसी पाइप टाकलेले असतात आणि त्यांतून वायरी ओढलेल्या असतात. छतात मुरलेले पाणी पाइपाच्या जोडातून आत शिरले, की पुढे पाइप हाच त्याचा रस्ता होतो. ते उताराने वाहते आणि जिथे पाइप उघडा होतो तिथे, म्हणजे पंख्याच्या हुकाच्या पेटीत, जंक्शन बॉक्समध्ये किंवा खाली स्विचबोर्डाच्या पेटीत येऊन साचते. म्हणून ओलीचा डाग एका खोलीत आणि पाणी भरलेला बोर्ड दुसऱ्या खोलीत, असे अनेकदा घडते. डाग दिसत नाही म्हणून ती खोली निर्धोक आहे, असे समजण्यात अर्थ नाही.

मी स्वतः राहत असलेल्या एका घरात हे घडले. गळती वरच्या मोरीतून होती आणि छताला डाग पडला होता तो स्वयंपाकघरात. बैठकीच्या खोलीतल्या पंख्याच्या वरच्या कपाच्या कडेला मात्र पाण्याचा एक थेंब जमायचा, लोंबकळायचा आणि पंख्याच्या पात्यावर पडायचा. मेन बंद करून मी बोर्डाची पट्टी उघडली, तर पाइपाच्या तोंडाशी वायरींवर पाण्याचा ओघळ होता, पितळी स्क्रूंवर हिरवट भुकटी साचली होती आणि काळ्या टेपने गुंडाळलेला एक जोड भिजून मऊ पडला होता. घरमालकांना, ज्यांना मी आप्पा म्हणत असे, वर बोलावून हे दाखवले. त्यांनी बोर्डात डोकावून पाहिले आणि अगदी मनापासून सांगितले, “काही व्हत नही हो सर, दोन दिनमा वाळी जाई.” आप्पांना माझ्या जिवाची काळजी नव्हती, असे मी म्हणणार नाही, त्यांना खरोखरच तसे वाटत होते. पुढे ऊन पडले, भिंत हाताला कोरडी लागू लागली, पेंटर येऊन त्याने वॉटरप्रूफ पुट्टीही लावली. त्यानंतर मी ओळखीतून मेगर, म्हणजे वायरीचे आवरण वीज किती अडवते हे मोजणारे यंत्र, आणून त्या सर्किटची चाचणी घेतली तेव्हा सुई शून्याच्या आसपासच हलत होती. भिंत वाळली होती. पाइप वाळला नव्हता.

तो वाळणार तरी कसा? प्लास्टिकच्या नळीत, दोन्ही बाजूंनी काँक्रीट, वारा नाही, ऊन नाही. आणि वरून वॉटरप्रूफ पुट्टीचा थर दिल्यावर भिंतीतली उरलेली ओल बाहेर पडण्याचा मार्गही बंद होतो. चांगल्या वायरीचे पीव्हीसी आवरण पाण्यात लगेच खराब होत नाही, हे खरे. पण घरातल्या वायरिंगचा कमकुवत भाग असतो तो जोड, स्विचचे टर्मिनल, होल्डर, सीलिंग रोज (छतावरची पंख्या-दिव्याच्या जोडणीची डबी), जिथे तांबे उघडे असते. शिवाय छतातून झिरपलेले पाणी शुद्ध नसते. सिमेंट, वीट आणि वाळूतले क्षार त्यात उतरलेले असतात. पाणी उडून गेल्यावर ते क्षार बोर्डाच्या बेकेलाइटवर आणि जोडांवर पातळ थर होऊन राहतात आणि हवेतली आर्द्रता ओढून घेतात. उन्हाळ्यात त्या थरातून काही होत नाही. श्रावणातल्या दमट हवेत तोच थर विजेला वाट करून देतो. गंजलेल्या स्क्रूचा प्रकार आणखी फसवा. संपर्क सैल पडतो, तिथला रोध, म्हणजे विजेला होणारा अडथळा, वाढतो, गिझर किंवा इस्त्रीसारखा मोठा भार आला की तो बिंदू तापतो, आणि मग काही महिन्यांनी बोर्डातून जळका वास येतो, तेव्हा त्या गळतीची आठवणही कोणाला नसते. गळती आणि अपघात यांच्यामधल्या या अंतरामुळेच घरमालकांना दोघांचा संबंध दिसत नाही.

“एमसीबी बसवलेली आहे, काही झाले तर पडेल,” हे उत्तर मी इतक्या वेळा ऐकले आहे, की त्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे. एमसीबी पडते ती दोन कारणांनी: भार प्रमाणाबाहेर गेला तर, किंवा फेज (वीज आणणारी तार) आणि न्यूट्रल (ती परत नेणारी तार) थेट चिकटून शॉर्टसर्किट झाले तर. माणसाच्या अंगातून वाहणारा प्रवाह या दोहोंत बसत नाही. ओल्या हाताने, ओल्या फरशीवर अनवाणी उभ्या असलेल्या माणसाच्या शरीराचा रोध साधारण एक हजार ओहमपर्यंत खाली येऊ शकतो. घरातला दाब २३० व्होल्ट, म्हणजे त्याच्या अंगातून सुमारे २३० मिलीअँपिअर, अर्थात पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह जाईल. सोळा अँपिअरच्या एमसीबीच्या दृष्टीने हा प्रवाह म्हणजे एखादा साधा दिवा लागल्यासारखा आहे. ती पडण्याचा प्रश्नच येत नाही. माणसाच्या दृष्टीने मात्र दहा मिलीअँपिअरच्या आसपास हाताचे स्नायू आखडून पकड सुटेनाशी होते आणि तीसच्या पुढे श्वास व हृदय धोक्यात येते.

माणसाला अशा झटक्यातून वाचवण्याचे काम करते ती आरसीसीबी, जिला आपल्याकडे सगळे अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजमधून गेलेला प्रवाह न्यूट्रलमधून तितकाच परत आला की नाही, हे ती सतत ताडून पाहते, आणि फरक तीस मिलीअँपिअरपर्यंत पोहोचला की सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत दोन्ही तारा तोडते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांत दोन किलोवॅट व त्यापुढील घरगुती जोडण्यांसाठी असे उपकरण, तेही तीस मिलीअँपिअरहून अधिक मर्यादेचे नसलेले, आवश्यक मानले आहे. एक कूलर, एक गिझर आणि एक फ्रिज असलेले घर ही दोन किलोवॅटची रेषा सहज ओलांडते. चांगल्या प्रतीची दोन पोलची आरसीसीबी बहुतेक ठिकाणी दोन खोल्यांच्या एका महिन्याच्या भाड्यात येऊन वर पैसे उरतात.

परंतु खरा प्रश्न ती नसण्याचा नाही, असलेली काढून टाकण्याचा आहे. पावसाळ्यात गळती झाली की आरसीसीबी वारंवार पडू लागते. भाडेकरू वैतागतो, मालकाला फोन करतो, मालक एखाद्या ओळखीच्या मुलाला पाठवतो, आणि तो मुलगा पाच मिनिटांत आरसीसीबीच्या वरच्या आणि खालच्या वायरी थेट जोडून लाइट चालू करून देतो. सगळे खूश. जिने ओरडून सांगितले की भिंतीत वीज गळते आहे, तिचेच तोंड बांधले जाते, आणि गळती जागच्या जागी राहते. आपल्या घरांपैकी ज्यांत पूर्वी ईएलसीबी होती आणि आता तिच्या जागी वायरीचे दोन तुकडे आहेत, त्यांची तपासणी सर्वांत आधी व्हावी. वारंवार पडणारी आरसीसीबी बिघडलेली असण्याची शक्यता असतेच, पण ते ठरवण्याची रीत सोपी आहे: सगळ्या एमसीबी खाली करून आरसीसीबी वर करावी आणि मग एकेक एमसीबी उचलावी, जिच्यावर ती पडते, त्या सर्किटमध्ये दोष शोधावा. एमसीबी फक्त फेज तोडत असल्यामुळे न्यूट्रल जर ओल्या भिंतीत अर्थला (जमिनीशी जोडलेल्या तारेला) लागला असेल तर या रीतीने तो सापडत नाही आणि न्यूट्रलही सुटे करून पाहावे लागतात. तेवढे परवानाधारक वायरमनला ठाऊक असते.

भाड्याच्या घरात आणखी एक अडचण असते, जी मालक स्वतः राहतो त्या घरात क्वचितच येते. मूळ घर एका कुटुंबासाठी बांधलेले, पुढे वर मजला चढवला, मग मागे दोन खोल्या काढल्या, आणि जिन्याखाली तीन-चार मीटर एका फळीवर आले. वरच्या मजल्याची सर्व्हिस वायर खालच्या भाडेकरूच्या भिंतीतून जाते, मोटरची वायर मालकाच्या मीटरवरून मागच्या खोलीच्या मोरीजवळून जाते, जिन्यातला दिवा कोणाच्या मीटरवर आहे हे कोणालाच माहीत नसते. अशा घरात खालच्या भाडेकरूने आपला मेन स्विच बंद केला तरी त्याच्या ओल्या भिंतीत दुसऱ्याच्या मीटरची वायर जिवंत असते. तो निर्धास्तपणे पोतेरे घेऊन भिंत पुसायला जातो. यात भाडेकरूचा दोष नाही. कोणती वायर कुठून जाते, हे फक्त आपल्याला, किंवा आपण ज्याच्याकडून काम करून घेतले त्याला, ठाऊक असते. म्हणून मीटरच्या फळीवर प्रत्येक मेन स्विचखाली तो कोणत्या खोल्यांचा, मोटरचा की जिन्याचा, हे ठळक लिहून ठेवावे, आणि मीटरच्या जागेला कुलूप असेल तर त्याची किल्ली भाडेकरूकडेही असावी. रात्री दोनला छत गळू लागले आणि किल्ली मालकाबरोबर पुण्याला मुलाकडे गेलेली असली, तर भाडेकरूने काय करावे?

इन्व्हर्टरचेही तेच. वीज जाण्याच्या त्रासामुळे आपल्याकडे घरोघरी इन्व्हर्टर आहेत, आणि मेन बंद केल्यावर काही सर्किटे इन्व्हर्टरवर आपोआप चालू राहतात. पंखा आणि दिवा ही ती सर्किटे, म्हणजे नेमकी छतातली, जिथे पाणी असते. मेनबरोबर इन्व्हर्टरही बंद करून त्याची बाहेर जाणारी जोडणी तोडल्याशिवाय घर निर्जीव झाले असे धरता येत नाही. ज्या मालकांनी गच्चीवर सौर पॅनेल बसवले आहेत, त्यांनी तिथली वायर भाडेकरूच्या खोलीवरून जात असेल तर तसे त्याला सांगून ठेवावे.

अर्थिंगविषयी थोडक्यात लिहितो. आरसीसीबी असूनही अर्थिंग नसेल, तर ओल्या कूलरच्या पत्र्यात उतरलेली वीज कोणीतरी हात लावेपर्यंत तिथेच थांबते, आणि आरसीसीबी पडते ती त्या माणसाला झटका बसल्यावर. अर्थिंग चांगले असेल तर ती आधीच पडते. आपल्या काळ्या जमिनीत अर्थिंगचा खड्डा पावसाळ्यात उत्तम काम करतो, पण उन्हाळ्यात माती आक्रसून इलेक्ट्रोडपासून सुटते आणि रोध वाढतो. नेमक्या त्याच महिन्यांत कूलर लागतात. म्हणून खड्ड्यात उन्हाळाभर पाणी घालत राहावे. काही जुन्या घरांत अर्थची वायर नळाच्या लोखंडी पाइपाला बांधलेली असते. पाइप पुढे प्लास्टिकचे बदलले गेले असतील तर ते अर्थिंग नावापुरते उरते आणि वर उरलेला लोखंडी तुकडा जिवंत होऊ शकतो. थ्री-पिनच्या अर्थला न्यूट्रल जोडून देण्याचा जुगाड तर कोणत्याही परिस्थितीत चालू ठेवू नये.

आता जबाबदारीचा मुद्दा, कारण शेवटी घोडे तिथेच अडते. मीटरपर्यंतचा भाग महावितरणचा आणि मीटरच्या पुढचा ग्राहकाचा, हे सर्वांना माहीत आहे. भाड्याच्या घरात वीजबिल बहुधा मालकाच्या नावे असते, म्हणजे कागदोपत्री ग्राहक आपण आहात. आपण नवीन जोडणी घेतली तेव्हा परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट अर्जासोबत जोडला होता, तो आठवत असेल. तो कागद घर नवे आणि कोरडे असतानाच्या स्थितीचा होता. त्यानंतर कितीही पावसाळे गेले तरी तो पुन्हा कोणी मागत नाही, म्हणून पुन्हा कोणी काढत नाही. त्याच सुरक्षा विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामे सोडली तर वायरिंगचे काम आणि दुरुस्ती परवानाधारक विद्युत ठेकेदारामार्फत आणि सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. कोपऱ्यावरच्या दुकानातला हुशार मुलगा कितीही हुशार असला तरी त्याच्याकडे महाराष्ट्र शासनाच्या अनुज्ञापक मंडळाचा परवाना आहे का, हे विचारण्यात कमीपणा मानू नये. माझ्या हाताखालून गेलेल्या मुलांना हा प्रश्न विचारला गेला, तर त्यांना राग येत नाही. ज्यांच्याकडे परवाना नसतो त्यांनाच तो येतो.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार, भाडेकरूशी वेगळा करार नसेल तर, जागा राहण्यायोग्य व सुस्थितीत ठेवणे घरमालकावर बंधनकारक आहे. किमान पंधरा दिवसांची नोटीस देऊनही मालकाने वाजवी वेळेत दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो, आणि ही वळती वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त असू शकत नाही. त्याच कायद्याच्या कलम २९ नुसार मालकाला वीज-पाण्यासारख्या अत्यावश्यक सेवा योग्य कारणाशिवाय तोडता येत नाहीत. ओलीबद्दल तक्रार करणाऱ्याची लाइन रागाने बंद करणे हे सुरक्षेत मोडत नाही. मात्र आज बहुतेक घरे अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिली जातात, आणि त्यात राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून अनुज्ञाप्तीधारक असतो, त्यामुळे दुरुस्ती कोणी करायची हे करारात काय लिहिले आहे त्यावर ठरते. छापील करारात सहसा “किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याने करावी” एवढेच असते, आणि मग भिंतीतली वायर किरकोळ की मोठी, यावरून वाद होतो. मला कोर्टकचेरी सुचवायची नाही. विद्यापीठात शिकायला आलेली, एका खोलीत तिघे राहून बादलीत रॉड टाकून पाणी तापवणारी मुले, भुसावळला नव्याने रुजू झालेला रेल्वे कर्मचारी किंवा औद्योगिक वसाहतीत पाळी करणारा कामगार, यांपैकी कोणीही पंधरा दिवसांची नोटीस पाठवायला बसणार नाही. “जमत नसेल तर खोली खाली करा” हे उत्तर त्यांना आधीच ऐकू येत असते. म्हणूनच हे पत्र त्यांना न लिहिता आपल्याला लिहिले आहे.

भाडेकरूंची बाजू सोवळी आहे, असे नाही. डिपॉझिट कापले जाईल या भीतीने ओल लपवणे, भिंतीला कॅलेंडर टांगून डाग झाकणे, एका एक्स्टेन्शन बोर्डावर कूलर, मिक्सर आणि चार्जर लावणे, मोरी धुताना बोर्डावर पाणी उडवणे, हे सर्व होते. पण भाडेकरू ओल लपवतो त्याचे एक कारण असे, की ती सांगितल्यावर काय होते याचा त्याला अनुभव असतो. ओलीची खबर वेळेवर देणाऱ्याचे डिपॉझिट त्या कारणाने कापले जाणार नाही, एवढे आपण तोंडी जरी सांगितले तरी पुष्कळ फरक पडेल.

चाचणी म्हणजे काय, हेही आपल्याला माहीत असावे, म्हणजे कोणी नुसता टेस्टर लावून “ओके आहे” म्हणाला तर आपली फसवणूक होणार नाही. निऑनचा टेस्टर फेज आहे की नाही एवढेच दाखवतो; पायात रबरी चप्पल असली किंवा माणूस लाकडी स्टुलावर उभा असला तर तेही नीट दाखवत नाही, आणि वीज भिंतीत किती झिरपते हे त्याला कळत नाही. खरी चाचणी इन्सुलेशन टेस्टरने, म्हणजे मेगरने होते. मेन आणि इन्व्हर्टर बंद करून, सर्व उपकरणांचे प्लग काढून, एलईडी दिवे आणि पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर सुटे करून, प्रत्येक सर्किटची तार आणि अर्थ यांच्यामध्ये ५०० व्होल्टचा डीसी दाब एक मिनिट दिला जातो. दिवे आणि रेग्युलेटर काढले नाहीत तर ते जळू शकतात आणि आकडाही चुकीचा येतो. ते न काढता चाचणी करणाऱ्याला तिथेच थांबवावे. रोध किमान एक मेगाओहम यायला हवा. निरोगी वायरिंगमध्ये तो त्याच्या कितीतरी पट येतो, त्यामुळे एखाद्या सर्किटवर जेमतेम एक मेगाओहम आला तर ते उत्तीर्ण झाले म्हणून सोडू नये. बोर्ड आणि पंख्याची पेटी उघडी ठेवून, वारा लागू देऊन काही दिवसांनी पुन्हा मोजावे. आकडा वाढत असेल तर पाइप वाळतो आहे. वाढत नसेल किंवा घटत असेल तर गळती थांबलेलीच नाही, किंवा जोड कामातून गेले आहेत आणि ती वायर बदलावी लागेल. भिजलेले स्विच, सॉकेट आणि होल्डर पुसून पुन्हा बसवू नयेत. त्यांची किंमत तेवढी नसते. घर तीन-चार खोल्यांचे असेल तर हे मोजण्याचे काम अर्ध्या दिवसाचे आहे.

आणि पाणी प्रत्यक्ष गळत असतानाची गोष्ट, जी आपण भाडेकरूला चावी देतानाच सांगावी: मेन बोर्ड कोरडा असेल आणि तिथवर कोरड्या पायाने पोहोचता येत असेल तरच मेन बंद करावा, इन्व्हर्टर बंद करावा, आणि त्या खोलीतल्या एकाही स्विचला हात लावू नये. बोर्डातच पाणी असेल तर दूर राहून महावितरणच्या १९१२ क्रमांकावर कळवून खांबावरून पुरवठा बंद करायला सांगावे. कोणी विजेला चिकटला असेल तर त्याला हाताने ओढू नये. आधी पुरवठा तोडावा, ते शक्य नसेल तर कोरड्या लाकडाने त्याला तारेपासून सोडवावे आणि १०८ ला फोन करावा. भिंतीला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर तोही याच प्रकारचा प्रसंग समजावा.

पुढच्या वेळी करार नव्याने कराल तेव्हा त्यात खालील मजकूर घालावा, अशी विनंती आहे. भाषा वकिलाकडून हवी तशी करून घ्यावी, आशय बदलू नये.

“छत, भिंत, मोरी, टाकी किंवा नळातून गळती होऊन वायरिंगपर्यंत ओल पोहोचल्याचे राहणाऱ्याने कळवल्यास, मालक गळती थांबवून परवानाधारक विद्युत ठेकेदाराकडून बाधित सर्किटांची इन्सुलेशन चाचणी स्वखर्चाने करून घेईल, तिच्या निकालाची प्रत राहणाऱ्यास देईल आणि चाचणी समाधानकारक आल्याशिवाय त्या भागास पुट्टी वा रंग देणार नाही. घरातील ३० मिलीअँपिअरची आरसीसीबी मालक किंवा राहणारा यांपैकी कोणीही काढणार किंवा वगळून जोडणी करणार नाही. राहणारा दर महिन्याला तिचे टेस्ट बटण दाबून पाहील आणि ती पडली नाही तर मालकास कळवेल. गळतीची खबर दिल्याच्या कारणावरून अनामत रकमेतून कपात केली जाणार नाही.”

ज्यांची घरे या पावसाळ्यात गळली आणि दिवाळीपूर्वी रंग द्यायचा बेत आहे, त्यांनी करार नवा होण्याची वाट न पाहता पेंटरच्या आधी वायरमनला वेळ द्यावी.

कळावे, लोभ असावा.

आपला,
जळगावातील एक भाडेकरू
(निवृत्त शिल्प निदेशक, वीजतंत्री)